फूल मुदम्मस: घरी शिजवायचं की गाडीवरून आणायचं?

माआदीची_मावशी

नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या मुक्काम पोस्ट कैरो. इथे सकाळी सातला कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी दिसते. तिच्यावर निमुळत्या मानेचा ॲल्युमिनियमचा हंडा तिरका बसवलेला आणि भोवती उभ्याउभ्या खाणारी माणसं. टुकटुकवाल्यापासून टायवाल्या बँकवाल्यापर्यंत सगळे एकाच फळीवर ताटल्या ठेवून. हंड्यात फूल मुदम्मस, म्हणजे बाकल्याचे (फाबा बीनचे) सुके दाणे रात्रभर मंद आंचेवर शिजवलेले. गाडीवाला लांब दांड्याचा डाव त्या अरुंद मानेतून आत घालतो, ताटलीत ओततो, काट्याने कडेला दाबून दाणे चेचतो, चिमटीने जिरेपूड आणि मीठ टाकतो, झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून तेलाची धार सोडतो, वर लिंबू पिळतो. सोबत कोंडा लावलेली गरम एश बलदी (इथली गव्हाची रोटी), कांद्याची पात आणि खारवलेल्या भाज्या. हे खाल्लं की दुपारी तीनपर्यंत भूक नाव काढत नाही.

आता मुद्दा. माझं मत, हे घरी शिजवायला हवं. माझी इजिप्शियन शेजारीण म्हणते, डोकं ठिकाणावर असलेला माणूस फूल घरी शिजवत नाही. डबा घेऊन जायचं, नुसतं उकडलेलं फूल आणायचं आणि तेल-लिंबू-जिरं आपापल्या हाताने घालायचं. तिच्या आईनेही तेच केलं म्हणे.

मी हट्टाला पेटले आहे. पण गॅसवर केलं की साल चिवट राहते, दाणे एकीकडे आणि पाणी एकीकडे. गाडीवरचं कसं दाट, एकजीव असतं. काय राहतंय?

डबा_ऐसपैस

शेजारीण बरोबर आहे. धागा बंद करा.

दर्यावर्दी

मावशी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हंड्याच्या आकारात आहे. त्याला इद्रा म्हणतात, पूर्वी तांब्याचा असायचा. पोट मोठं, मान अरुंद, त्यामुळे वाफ आतल्या आत फिरते आणि रात्रभरात पाणी फारसं आटत नाही. उघड्या पातेल्यात तुम्ही वरून पाणी घालत बसता, दर वेळी उकळी मोडते, मग साल कशी मऊ होणार?

आमचं जहाज अलेक्झांड्रियाला लागलं की पहिली चक्कर रम्ल स्टेशनजवळ मोहम्मद अहमदकडे. तिथलं इस्कंदरानी फूल खाल्लंत तर कैरोचं विसराल. टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची बारीक चिरून, ताहिना (वाटलेल्या तिळाची पेस्ट), लसूण, झणझणीत मिरची, सगळं त्यातच कालवलेलं. कैरोवाले साधं तेल-लिंबू घालून शिष्टपणा करतात.

माआदीची_मावशी

शिष्टपणा? दर्यावर्दी, चांगल्या शिजलेल्या दाण्याला टोमॅटो-मिरचीत लपवायची गरज पडत नाही. :)

गोडा_मसाला

मी काय म्हणते, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कुकरला लावा, तेलात मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्या, गोडा मसाला, गूळ, आमसूल. झकास उसळ.

डबा_ऐसपैस

आयडी सार्थ केलात ताई.

दोहेकर

गोडा_मसाला, उसळ होईल, छानही होईल, पण ते फूल नाही. फुलात फोडणीच नसते. तेल कच्चं, लिंबू कच्चं, जिरंही वरून. शिजलेल्या दाण्याची मातकट गोडी आणि वरचा कच्चा तिखटपणा यांची जुगलबंदी आहे ती. गूळ-आमसूल घातलंत तर सगळं एकाच सुरात जाईल.

आमच्या ऑफिसात इजिप्शियन सहकारी बरेच. गुरुवारी सकाळी पॅन्ट्रीत फुलाची पार्टी असते. त्यातले निम्मे घरी डब्यातलं फूल उघडतात, ते कॅलिफोर्निया गार्डनचं. इथे प्रत्येक दुकानात मिळतं. डबा फोडायचा, थोड्या पाण्यात गरम करायचा, चमच्याने चेचायचं, पाच मिनिटांत काम तमाम. त्यांच्यातले कर्मठ लोक नाक मुरडतात, पण खातात.

घरी सुक्या दाण्यांचं करायचं तर माझी रीत देतो. फूल हम्माम, म्हणजे बारीक गोल दाणे घ्यायचे, मोठे चपटे नाहीत. अर्धा किलो दाणे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकायचं. नवीन पाणी दाण्यांच्या वर चार बोटं. त्यात पाव वाटी मसुराची डाळ, आपली नारिंगीच. मावशी, तुमचा रस्सा दाणे सोडून वेगळा राहतो तो डाळ नसल्यामुळे. ती विरघळते आणि सगळं बांधून धरते. काही जण मूठभर गहू घालतात, काही जण एक आख्खं गाजर आणि टोमॅटो. एकदा सडकून उकळी, फेस काढायचा, मग आंच अगदी बारीक करून घट्ट झाकण. सहा-सात तास तरी. मीठ आणि लिंबू शिजताना अजिबात नाही.

पोथीनिष्ठ

दोहेकरांनी फूल हम्माम म्हटलंय त्यामागची गोष्ट अशी सांगतात. मध्ययुगीन कैरोत सार्वजनिक हमामखाने खूप होते. पाणी तापवायला दिवसभर भट्ट्या पेटलेल्या असायच्या. रात्री जाळ विझला तरी निखारे आणि राख तासन्‌तास गरम राहायची. त्या राखेत फुलाचे हंडे पुरून ठेवायचे आणि पहाटे शिजलेले हंडे गावभर जायचे. या भट्ट्यांना मुस्तौकद म्हणतात. शहरातला कचरा त्यात जाळला जायचा, म्हणजे कचऱ्यावर हमाम आणि हमामाच्या उरलेल्या उष्णतेवर सगळ्या शहराचा नाश्ता.

तेव्हा मावशी, तुमची शेजारीण परंपरेला धरूनच बोलते आहे. दाट वस्तीच्या शहरात प्रत्येक घराला रात्रभराचं सरपण कुठून परवडणार? हा पदार्थ मुळात घरच्या चुलीचा नाहीच, शहराच्या सामाईक भट्टीचा आहे.

डबा_ऐसपैस

आणि त्याआधी फॅरो हेच खाऊन पिरॅमिड बांधत होते. गूगलबाबा की जय.

पोथीनिष्ठ

थांबा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बरोबर उलटं लिहून ठेवलंय. इजिप्शियन लोक हे दाणे पेरत नाहीत, आपसूक उगवले तर खात नाहीत, आणि पुरोहितांना तर ते नजरेसमोरही चालत नाहीत.

वालाची_शेंग

आणि तरीही प्राचीन थडग्यांत बाकल्याचे दाणे सापडलेत ना? मग पुरोहित वर्ज्य सांगत असतील आणि लोक खात असतील. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसणाचं काय होतं ते काय आपल्याला माहीत नाही?

पोथीनिष्ठ

हे मान्य. पाहुण्याने पुरोहितांना विचारलं असणार, गाडीवाल्याला नाही.

डॉ_साखरझोपे

थोडा रसभंग करतो, पण हे सांगायलाच हवं. बाकल्यात विसिन आणि कॉन्व्हिसिन नावाची द्रव्यं असतात. ज्यांच्या रक्तपेशींत जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांना हे दाणे खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत लाल पेशी फुटायला लागतात. थकवा, फिकटपणा, डोळे पिवळे, लघवी गडद तपकिरी. याला फॅव्हिझम म्हणतात. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना आणि पुरुषांना होतो. लहान मुलांत जास्त गंभीर होऊ शकतो.

हा दोष भूमध्य समुद्राच्या आसपास आहे तसा भारतातही आहे. पारशी समाजात त्याचं प्रमाण जास्त आढळतं. आपण बाकला फारसा खात नाही म्हणून तो उघडकीला येत नाही. मग मलेरियासाठी प्रायमाक्विन द्यायची वेळ येते आणि तेव्हा तपासणी होते. शिजवल्याने धोका टळतो असं समजू नका. घरात कुणाला नवजात असताना कावीळ होऊन हे निदान झालं असेल, किंवा कुठल्या औषधाने असा त्रास झाला असेल, तर त्यांनी फुलाच्या वाटेला जाऊ नये. साधी रक्ततपासणी आहे.

बाकी सगळ्यांनी ताव मारावा. प्रथिनं भरपूर, चोथा भरपूर.

वालाची_शेंग

डॉक्टर, म्हणजे वाल खाऊनही होतं का हे? आमच्या रायगडात वालाशिवाय पान हलत नाही हो!

डॉ_साखरझोपे

नाही, ताई. वाल आणि पावटा वेगळ्या कुळशाखेतले. पोपटी बिनधास्त लावा. डबल बी सुद्धा बाकला नाही. दुकानदार मात्र तिन्ही एकमेकांच्या नावाने विकतो, म्हणून पाकीट बघून घ्या.

वालाची_शेंग

हुश्श. मग खरा प्रश्न विचारते. भारतात बाकला मिळवायची मारामार. कडव्या वालाचं फूल करता येईल का?

माआदीची_मावशी

करता येईल, पण कडवटपणा ताहिन्याशी भांडेल असं वाटतं. बाकला बिहारकडे पिकतो, मणिपुरातही खातात. तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर मागव, ऑनलाइनही सापडेल.

पण शेंगे, तुझ्या कामाची एक गोष्ट आहे. इथे फूल नाबित म्हणून प्रकार असतो. दाणे भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात आणि कांदा, लसूण, जिरं, लिंबू घालून पातळ सूप करतात. कुणी आजारी पडलं की हमखास. पहिल्यांदा मोड आलेले दाणे बाजारात ढिगाने बघितले तेव्हा मी सोलायलाच बसणार होते! ते सोलत नाहीत, साल खाणाऱ्याने ताटलीत काढायची.

वालाची_शेंग

सोलत नाहीत?? मग डाळिंब्यांचं पुण्य कसं लागणार. आमच्याकडे बिरडं सोलताना अख्ख्या आळीच्या बातम्या कळतात.

शुद्ध_शाकाहारी

पुढच्या हिवाळ्यात आम्ही उभयता इजिप्तला जातोय, टूर कंपनीसोबत. शाकाहारी जेवणाचे हाल होतात असं ऐकलं. हे फूल शुद्ध शाकाहारी आहे का? नाइल क्रूझवर मिळेल का?

माआदीची_मावशी

काका, हाल होतात ते बुफेसमोर उभं राहून "व्हेज?" विचारणाऱ्यांचे. इथे "सियामी", म्हणजे उपासाचं, असं विचारायचं. कॉप्टिक ख्रिश्चन लोक वर्षातले २०० हून जास्त दिवस उपास पाळतात, त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही (काही उपासांत मासे चालतात, म्हणून तेवढं वेगळं विचारा). त्यामुळे सियामी म्हटलं की बहुतेकांना कळतं. साधं फूल तर सियामीच. फक्त लोणी किंवा बस्तिरमा घातलेलं घेऊ नका, बस्तिरमा म्हणजे खारवलेलं गोमांस. तामेय्या घ्या, म्हणजे इथली फलाफल, तळलेली, ती पण बाकल्याचीच, आत हिरवीगार. कोशरी (भात, मसूर, पास्ता एकत्र) घ्या. क्रूझवर नाश्त्याला फुलाचा हंडा बहुधा असतोच, पण काका, एक दिवस बोटीवरून उतरून गाडीवर खा.

शुद्ध_शाकाहारी

आभारी आहे. सौ.ला गाडीवरचं चालत नाही. बघतो.

खार्टूम_रिटर्न

कुणीच सुदानचं नाव घेईना म्हणून लॉगिन केलं. खार्टूमला कंपनीच्या साइटवर होतो तेव्हा फूल नुसतं नाश्त्याला नाही, रात्रीही. मोठ्या परातीत एकत्र. सोड्याच्या बाटलीच्या बुडाने चेचायचं, वर तिळाचं तेल सढळ हाताने, कांदा, चुरलेलं पांढरं खारं चीज, तामेय्या मोडून. मग पाच-सहा जण एकाच परातीत पाव बुडवणार. वेगळी ताटली मागितली तर तुम्ही आजारी आहात का विचारतात. इजिप्शियन फूल त्यापुढे सपक, कुणी काही म्हणा.

डबा_ऐसपैस

धागा पेटला. अलेक्झांड्रिया विरुद्ध कैरो विरुद्ध खार्टूम. आता येमेनवाला आला की मी शेंगदाणे घेऊन बसतो.

अॅडलेड_अप्पा

येमेनवाला नाही, ऑस्ट्रेलियावाला आलाय. मंडळी, तुम्ही ज्या इजिप्शियन दाण्याच्या अस्मितेवर भांडताय, तो दाणा मोठ्या प्रमाणात इजिप्तबाहेरून येतो. देशातलं पीक पुरत नाही. आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात आणि शेजारच्या व्हिक्टोरियात बाकल्याची शेतं आहेत, आणि त्या मालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इजिप्त. ब्रिटनमधूनही जातो.

मी धान्य साठवणीच्या धंद्यात आहे, म्हणून मावशींना कामाची गोष्ट सांगतो. खरेदीदार आधी रंग बघतो. ताजा दाणा फिकट, बदामी. गरम, दमट गोदामात पडून राहिला की तो तपकिरी, मग काळपट होत जातो, आणि त्याच काळात आतून निबर होतो. असा दाणा कितीही शिजवा, साल दाद देत नाही. गाडीवाला आणि त्याचा पुरवठादार हे डोळ्यांनी ओळखतात. मावशी, तुमच्या बरणीतले दाणे कुठल्या रंगाचे आहेत?

माआदीची_मावशी

अप्पा!! चांगले चॉकलेटी आहेत. सुपरमार्केटचं पाकीट.

अॅडलेड_अप्पा

मग त्यांची तामेय्यासुद्धा करू नका. अत्ताराकडे (तिकडचा मसालेवाला) किंवा धान्याच्या दुकानात सुटे मिळतात ते हातात घेऊन बघा. सगळे एका रंगाचे, फिकट आणि नख लावलं तर साल चकचकीत असलेले.

दर्यावर्दी

चिमूटभर खायचा सोडा घालून निबर दाणेही मऊ होतात की.

अॅडलेड_अप्पा

होतात. पण जास्त झाला तर साबणाची चव येते आणि दाण्याचा लगदा. पाणी जड असेल तर तेवढ्यापुरता ठीक. पाण्यातलं कॅल्शियम साल घट्ट करतं, सोडा त्याला उतारा. म्हणून गाळलेलं पाणी वापरलं तरी फरक पडतो.

गोडा_मसाला

आमच्याकडे बिनधास्त स्लो कुकर आहे, रात्री लावून झोपायचं. त्यात चालेल ना? राजम्याची उसळ पण करायची आहे एकदा.

डॉ_साखरझोपे

बाकला चालेल, आधी दहा मिनिटं गॅसवर खळखळून उकळा. राजमा मात्र थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. त्यातलं लेक्टिन मंद आंचेवर मरत नाही आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होता. भिजवून, पाणी बदलून, दहा मिनिटं सडकून उकळी, मग कुकर.

दोहेकर

रमजानात बघा मावशी, पहाटेच्या सुहूरला फूल नसेल असं इजिप्शियन घर विरळा. आमचा एक सहकारी फुलाला पोटातला खिळा म्हणतो, एकदा ठोकला की दिवसभर हलत नाही. दुपारी मीटिंगमध्येही हलत नाही तो, हे वेगळं.

जवसाची_चटणी

वाचनमात्र होते, पण तेलाचा उल्लेख आला म्हणून. गाडीवर नक्की कुठलं तेल घालतात? ऑलिव्ह?

माआदीची_मावशी

पैसेवाल्या हॉटेलात ऑलिव्ह. गाडीवर बहुधा साधं कुठलंही. पण जुन्या लोकांना विचाराल तर फुलावर झेत हार, म्हणजे जवसाचं तेल. वास उग्र, जिभेवर जरा झणका, एक चमचा पुरतो. घाण्यावरून ताजं आणायचं आणि लवकर संपवायचं, फार दिवस ठेवलं तर खवट होतं.

जवसाची_चटणी

अगं बाई! आमच्या विदर्भात आजीच्या घरी जवसाचं तेल असायचं. आता लोक ओमेगा-थ्री म्हणून गोळ्या घेतात. फुलावर घालून बघायलाच हवं.

माआदीची_मावशी

अहवाल देते. अप्पांच्या सांगण्यावरून अत्ताराकडून फिकट बारीक दाणे आणले. शेजारणीच्या माळ्यावर तिच्या सासूची दम्मासा पडून होती, म्हणजे इद्र्याचंच घरगुती छोटं भावंड, ती घासूनपुसून घेतली. (आता विजेवरची पण मिळते, शेजारीण म्हणाली तीच घे आणि मला त्रास देऊ नको.) दोहेकरांचं प्रमाण, मसुराची डाळ, गाळलेलं पाणी, मीठ नाही. बर्नर मोठा म्हणून खाली जाड तवा ठेवला. रात्री दहाला लावलं, पहाटे पाचला उठून बघितलं तर पाणी जेमतेम दोन बोटं खाली आणि दाणा दोन बोटांत धरला की लोणी. साल तोंडात कळतच नाही. डाव फिरवला आणि सगळं आपोआप दाट झालं.

शेजारणीला वाडगाभर दिलं. तिने चाखलं, स्वयंपाकघरात गेली, आणखी तेल ओतून आणलं, आणि संपवलं. मत काही बदललेलं नाही. म्हणाली, चांगलं झालंय, पण सात तासांचा गॅस जाळून जे केलंस ते कोपऱ्यावर मिळतं, आणि गाडीवाल्याचं घरही चालतं.

मी मात्र सुटीच्या दिवशी घरीच करणार. एरवी डबा घेऊन कोपऱ्यावर.

पोथीनिष्ठ

म्हणजे सामाईक भट्टीच जिंकली.

दर्यावर्दी

मावशी, उरलेल्यात टोमॅटो-कांदा-मिरची-ताहिना घालून बघा. एकदाच. कुणाला सांगणार नाही.

डबा_ऐसपैस

कैरोच्या गाड्यांवर लिहिलेलं असतं म्हणे, "इन खलस इल-फूल, अना मिश मसऊल". फूल संपलं तर मी जबाबदार नाही. आमच्या ऑफिसच्या कँटीनवाल्याला हे मराठीत रंगवून देणार आहे, साबुदाणा खिचडीसाठी. यमक सुचवा.

गोडा_मसाला

"खिचडी संपली, माझी काय चूक? उशिरा आलात तर सोसा भूक."

डबा_ऐसपैस

दंडवत घ्या ताई. उसळीबद्दलचे सगळे शब्द मागे.

वालाची_शेंग

मावशी, त्या मोडाच्या सुपाची रीत नीट, प्रमाणासकट टाका ना. आमच्याकडे सध्या घरभर सर्दी-ताप आहे, वालाचंच करून बघते.

माआदीची_मावशी

टाकते, रात्रीपर्यंत. वाल असतील तर सोलूनच घे, आणि मोड आणायला आजच भिजत घाल.